राजम्याच्या बरणीतल्या पिना

१२ सप्टेंबर, मंगळवार

पीचच्या चौदा बरण्या झाल्या. दोन बरण्यांची झाकणं नीट बसली नाहीत, त्या आधी खाऊन संपवायच्या.

मागच्या हिशेबाच्या वहीत अर्धी पानं कोरी उरली आहेत. टाकवत नाहीत, म्हणून त्यांवर हे लिहायला घेतलं. खरं कारण दुसरं आहे. जे कुणाशी बोलता येत नाही ते कुठेतरी उतरवलं पाहिजे, नाहीतर छातीत बसून राहतं.

आज बंदुकांची मोजदाद केली. दरवर्षी पीचच्या आठवड्यात आम्ही नवरा-बायको करतो. रॉयस तिजोरीतून एकेक काढून नंबर वाचतो, मी यादीत खूण करते. तेवीस. जुळल्या. चोविसावी ओळ खोडलेली आहे. ते त्याच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर, अठ्ठ्याण्णव साली विकलं. त्या वर्षीच्या जमेत त्याचे पैसे मला कधी सापडले नाहीत. रॉयस म्हणतो, टायर घेतले.

यंदा तो सातव्या बंदुकीपाशी अडला. नाव आठवेना. "ती गं, ती... लांब," म्हणाला. जिने त्याने एकोणचाळीस हिवाळे हरणं मारली ती. मी नाव सांगितलं तर चिडला.

"मला माहीत आहे. तुझी परीक्षा घेत होतो."

तसंच असेल.

१६ सप्टेंबर, शनिवार

दुपारी तीनचा आमचा इंटरनेटवरचा बंदुकांचा कार्यक्रम झाला. फोन तिकाटण्यावर लावायचा, दिवा लावायचा, कुत्र्याला बाहेर काढायचं ही माझी कामं. बघणारे लिहून प्रश्न पाठवतात, ते मोठ्याने वाचायचं कामही माझंच. मी कधी दिसत नाही, आवाज तेवढा येतो. मोठ्या वेबसाइटने बंदुका दिसतात म्हणून जाहिराती काढून घेतल्या, तेव्हापासून 'टिबेट्सचं टेबल' लोकांच्या वर्गणीवर चालतं. सहाशे बारा घरं आहेत. प्रत्येकाला वर्षातून एकदा मी हाताने आभाराचं कार्ड लिहिते. रॉयस दर भागात म्हणतो, "आमची मालक कुठली कंपनी नाही. आमचे मालक तुम्ही." पूर्वी मला हे वाक्य फार आवडायचं.

त्याचा एक नियम आहे. बंदूक हातात आली की आधी उघडायची, आत बघायचं, आणि तेवढ्यावर न थांबता करंगळी आत घालून चाचपायचं, गोळी आहे का नाही. तो बंदुकीला हात लावतो न लावतो तोच बघणारे सगळे लिहू लागतात, "बोट! बोट! बोट!" चेष्टा असते, पण प्रेमाची.

आज त्याने पिस्तूल उचललं आणि बोलता बोलता तसंच फिरवलं. नळी फोनकडे, म्हणजे माझ्याकडे. पडदा 'बोट'ने भरून गेला.

"रॉयस, बोट म्हणतायत."

तो थांबला, मग हसला. "कोण कोण जागं आहे ते बघत होतो."

मग लाल निशाण कायद्यावर बोलला. घरच्या माणसाने कोर्टात अर्ज द्यायचा की हा आता बंदुकीला लायक नाही, की शेरीफ येऊन सगळ्या उचलून नेतो. आमच्या कोलोरॅडोत आहे तो. "पलीकडच्या परगण्यात एकाच्या बायकोने केलं म्हणे. आणि बिचारा तिच्याच हातचं जेवत होता!" मग फोनकडे बघून, "माझ्या घरात तसली बाई नाही. काय गं आर्डी?"

नऊशे माणसं ऐकत होती. मी म्हटलं, "बिस्किटं ओव्हनमध्ये आहेत, आटप लवकर."

हायरमने लगेच लिहिलं, या बाईला राष्ट्राध्यक्ष करा. हायरम म्हणजे अर्कान्सासचा निवृत्त पोस्टमन, पहिल्या भागापासूनचा वर्गणीदार.

मी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही ते.

२ ऑक्टोबर, सोमवार

शेवटी रॉयसला दवाखान्यात नेलं. त्याला सांगितलं गुडघ्यासाठी. देवा, हे खोटं माझ्या नावावर लिही.

फॉर्म मीच भरला. एक प्रश्न होता, घरात बंदुका आहेत का. तो कोरा सोडायचा, डॉक्टरला काय करायचंय, असं आम्हीच एका भागात लोकांना शिकवलंय. मी कोरा सोडला. सवयीने. मग त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले. कुणीतरी विचारावं म्हणूनच तर इतक्या लांब आले होते. विचारलं, आणि मीच तोंड मिटलं.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या, जोलीनच्या वयाची. तिने त्याला घड्याळ काढायला सांगितलं. "आकड्यांचं की काट्यांचं?" असं विचारून त्याने तिला हसवलं. काढलं, पण बाराही आकडे एकाच बाजूला गर्दी करून बसले. ती हसायची थांबली. सहा महिन्यांनी परत या म्हणाली.

परतताना वीस मैल मागे पडले. मग म्हणाला, "माझ्या बापाला शेवटची चार वर्षं चमच्याने भरवावं लागलं."

आठवण कसली करून देतो. चमचा माझ्याच हातात होता.

घरी आल्यावर कोट न काढता कोठाराकडे गेला आणि जुन्या ट्रकमध्ये जाऊन बसला. मी कॉफी घेऊन गेले तर समोरचा कप्पा झटकन बंद केला. पेपरमिंट लपवतो तिथे. साखर वाढल्यापासून गोड बंद आहे. मी पाहिलं नाही असं दाखवलं. एवढं सुख तरी असू दे त्याला.

१० ऑक्टोबर, मंगळवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. खुराड्यातून अंडी एप्रनच्या ओच्यात घेऊन मागच्या दाराने आत आले. स्वयंपाकघरात रॉयस उभा. पिस्तूल दोन्ही हातांत, माझ्या पोटावर रोखलेलं.

"कोण आहेस? माझी बायको कुठे आहे?"

ते डोळे त्याचे नव्हते. अनोळखी बाईकडे बघतात तसे होते. बावन्न वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता.

तोंडून कसं निघालं ते देवाला ठाऊक. मी म्हटलं, "रॉयस. बोट."

आणि हात आपोआप चालले. नळी खाली गेली, पिस्तूल उघडलं, गोळी टणकन फरशीवर पडून गॅसखाली गेली. भरलेलं होतं. करंगळी आत घालून तो चाचपत राहिला, पुन्हा पुन्हा. मग वर बघितलं तेव्हा रॉयस परत आला होता.

"घाबरलीस? अगं, मस्करी केली."

सात अंडी होती. सातही शाबूत.

११ ऑक्टोबर, बुधवार

प्रार्थनासभेनंतर पास्टर लोवेलना बाजूला घेतलं. म्हटलं, रॉयसच्या बंदुका थोडे दिवस कुणाकडे ठेवाव्यात असं मनात आहे.

ते मोठ्याने हसले. "आर्डिथ, रॉयसच्या हातात बंदूक नसेल त्या दिवशी मला काळजी वाटेल!" आणि मागे वळून बाकीच्यांना म्हणाले, "ऐकलंत का, टिबेट्सबाई घर आवरायला काढतायत." सगळे हसले. मीही हसले. ते पण वर्गणीदारच आहेत.

शेजाऱ्याकडे ठेवायच्या तर कायद्याने बंदुकीच्या दुकानदाराकडे जाऊन कागद करायचे, आणि दुकानदार दर शनिवारी आम्हाला बघतो. कोर्टात गेले तर सोमवारी अर्ज, मंगळवारी गावभर, शनिवारी सहाशे बारा घरांत. रॉयस उघड्यावर पडेल. त्यानेच ज्या बाईची चेष्टा केली, ती बाई मी होईन. जोलीनला सांगावं तर ती थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिच्या छोट्या टेसला घेऊन येणार नाही. आणि न सांगावं तर पाच वर्षांची पोर या घरात धावणार, आणि तिचा आजोबा मागच्या दाराकडे बघत उभा असणार.

देवा, निदान तू तरी वर्गणीदार नाहीस. (क्षमा कर.)

१७ ऑक्टोबर, मंगळवार

सुचलं. किंवा सुचवलं गेलं.

जेवणानंतर रॉयस दीड तास झोपतो. तेवढ्यात धुण्याच्या खोलीत टॅबलेट लावून, आवाज अगदी बारीक करून, मी आमचाच एकविसावा भाग पाहिला. पिस्तूल पूर्ण सुटं कसं करावं. पडद्यावर चार वर्षांपूर्वीचा रॉयस, निळ्या शर्टात. एक शब्द अडत नाही. "सावकाश. इथे अंगठा दाबून धरा. घाई करणाऱ्यांच्या स्प्रिंगा सोफ्याखाली सापडतात." पडद्यामागे मी हसल्याचं ऐकू येतं.

मी अंगठा दाबून धरला. पिन हातात आली. गोळीच्या पाठीवर टोचते ती, खिळ्याएवढी असेल नसेल. ती नसली की बंदूक दिसायला तीच, वजनाला तीच, घोडा ओढला की नुसतं 'टक'.

पिनेला बंदुकीच्या नावाची चिठ्ठी गुंडाळली आणि राजम्याच्या बरणीत तळाशी घातली. पिस्तूल पुसून जागच्या जागी ठेवलं. तो उठला तेव्हा मी टॉवेलांच्या घड्या घालत होते.

"काय करतेस?"

"तू काय शिकवतोस ते बघत होते."

"कधी नव्हे ते!"

२४ ऑक्टोबर, मंगळवार

नऊ झाल्या. खालचा खटका ओढून भरायच्या जुन्या रायफलीने दोन दुपारी खाल्ल्या. एक स्क्रू ड्रायरखाली गेला, गुडघ्यांवर बसून शोधला. गुडघ्यांवर होतेच, प्रार्थनाही करून घेतली.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

तेवीस. संपलं.

वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं काही वाटत नाही. शेरीफने नेल्या असत्या तर आपला वैरी कोण ते रॉयसला कळलं तरी असतं. आता वैरीण त्याला सकाळी ओटमील करून देते.

शनिवारी तो रिकाम्या बंदुकीत करंगळी घालून दाखवतो, लोक 'बोट बोट' लिहितात, आणि मी फोनमागे उभी असते. किती रिकामी आहे ते एकट्या मला माहीत. कार्यक्रम बंद करू म्हटलं तर का ते सांगावं लागेल. चालू ठेवला तर दर शनिवारी खोटं. दोन्ही दारं मीच लावून घेतली आणि आत बसले.

ऑगस्टपासून त्याने एकही गोळी झाडलेली नाही. डोळ्यांचं निमित्त सांगतो. तसंच राहू दे.

११ नोव्हेंबर, शनिवार

भोपळे. मी भोपळे कशी विसरले!

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी रॉयस अंगणात उरलेसुरले भोपळे मांडून गोळ्यांनी उडवतो. सगळ्यात जास्त लोक तोच भाग बघतात. आज हायरमने विचारलं, "भोपळे तयार आहेत ना?" आणि रॉयस लहान मुलासारखा खुलला. "तयार म्हणजे! पुढच्या शनिवारी, बरोबर तीनला!"

१४ नोव्हेंबर, मंगळवार

बागेतला एकूण एक भोपळा कापला, शिजवला, गर फ्रीजरमध्ये घातला. बावीस पिशव्या. रॉयसला म्हटलं, यंदा वाया घालवायला नाहीत. तो बाहेर गेला. रिकाम्या वाफ्यापाशी बराच वेळ उभा राहिला. मला माझीच चीड आली, तरी सुटले असं वाटलं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

पास्टर लोवेल गाडीतून चार मोठे भोपळे घेऊन आले. "वर्गणीदारांची निराशा नको," म्हणाले. मी त्यांना घरचा पम्पकिन पाय खाऊ घातला. काय करणार.

१९ नोव्हेंबर, रविवार

कालचं आज लिहिते. काल शक्य नव्हतं.

कुंपणाच्या ओंडक्यांवर चार भोपळे. पाठीमागे मातीचा बांध. एकोणीसशे माणसं बघत होती. मी सकाळपासून डोकं दुखतंय, गार वारा आहे, फोन चार्ज नाही असं सगळं म्हणून पाहिलं. रॉयस म्हणाला, "आर्डी, आज तुला काय झालंय?"

त्याने पिस्तूल उचललं, करंगळी घातली, दाखवलं, भरलं, नेम धरला.

टक.

"मुकी गोळी," तो म्हणाला. ती उशिरानेही उडू शकते, म्हणून नळी समोर धरून तीस मोजायचे असतात. तो मोजू लागला, मोठ्याने. सोळा, सतरा, अठरा. थांबला. मग म्हणाला, "बारा. तेरा." पुन्हा थांबला. हात पुढे ताणलेला तसाच.

एरवी पडद्यावर चेष्टेचा पूर येतो. एक अक्षर आलं नाही.  मग हायरमचं एकच आलं, 'एकोणीस'.

मी वाचलं, "एकोणीस."

"एकोणीस," रॉयस म्हणाला, "वीस, एकवीस," आणि तीसपर्यंत नीट गेला.

गोळी काढून पाठ बघितली. गुळगुळीत, टोचल्याची खूण नाही. रायफल घेतली. टक. पुन्हा तीस मोजले, या वेळी ओठातल्या ओठात. तिचीही गोळी गुळगुळीत. मग तो टेबलाशी बसला आणि पिस्तूल उघडलं. माझं नाव घ्यायला हल्ली त्याला कधीकधी वेळ लागतो, पण मागची पट्टी सरकवताना बोट कुठे अडलं नाही. पिस्तूल उलटं करून तळहातावर आपटलं. काहीच पडलं नाही.

त्याने वर बघितलं. लोकांना वाटलं असेल त्यांच्याकडे बघतोय. फोनमागे मी होते.

पडदा धावायला लागला. चोरी झाली. शेरीफला बोलवा. हे सरकारी लोकांचं काम. कॅमेरे लावा.

"काय म्हणतायत?" त्याने विचारलं.

मी वाचून सांगितलं, "विचारतायत, घरात कोण शिरलं होतं."

त्याने चिंधीला हात पुसले. एकेक बोट.

"कुणी शिरलं नाही," तो म्हणाला. "पिना मीच काढल्या. साफ करायला. आणि कुठे ठेवल्या ते विसरलो." जरा थांबून म्हणाला, "हल्ली विसरतो मी. बरंच विसरतो. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं." मग मला म्हणाला, "बंद कर, आर्डी."

आत येऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. भोपळे बाहेर तसेच.

"किती काढल्यास?"

"तेवीस."

"खटक्यावालीची पण?"

"दोन दिवस लागले. सत्तेचाळिसावा भाग बघून."

"तो चांगला झाला होता," तो म्हणाला. मग, "कुठे ठेवल्यास?"

मी तोंड उघडणार तोच त्याने हात वर केला. "नको. सांगू नकोस. सांगितलंस तर एखाद्या दिवशी मी जाऊन घेईन. कुठला मी, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही."

उठला आणि कोठाराकडे गेला. मला वाटलं रागावून गेला, ट्रक घेऊन जातो की काय. चावी खुंटीवरच होती. दहा मिनिटांनी आला आणि टेबलावर त्याच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर ठेवलं. मुठीला पेपरमिंटचा कागद चिकटलेला.

"चोवीस," म्हणाला.

"ते तर विकलं होतंस."

"नव्हतं विकलं."

त्याने ते पुन्हा उचललं, खिडकीकडे धरून बघत राहिला. फार वेळ. मी म्हटलं, "बोट."

चक्र बाजूला काढलं. सहा घरं. करंगळी एकेका घरात घालत गेला. रिकामं. रिकामं. रिकामं. रिकामं. पाचव्यात बोट थांबलं. गोळी काढून मिठाच्या भांड्याशेजारी उभी केली. सहावं रिकामं.

"एकच?" मी म्हटलं. "कोठाराशी अस्वलं येतात म्हणून ठेवलंस ना? एका गोळीत अस्वल मरतं का?"

"अस्वलासाठी नव्हती."

 माझा हात धरला आणि रडला, आवाज न करता, बाप गेला तेव्हा रडला होता तसा. गोळ्या महाग झाल्यात, म्हणून एकच भरून ठेवली असेल; तो आहेच काटकसरी. पण त्यात रडण्यासारखं काय, ते मी विचारलं नाही. विचारू नये असं वाटलं.

या रिव्हॉल्व्हरची पिन घोड्यालाच जडलेली असते, निघत नाही. हे रॉयसनेच सांगितलं. "आख्खंच लपव," म्हणाला. लपवलं. यादीतली खोडलेली ओळ पुन्हा लिहिली.

आज चर्चमध्ये पास्टर लोवेल माझ्याकडे आले, टोपी हातात.  "भोपळे घेऊन जाईन मी," एवढंच म्हणाले.

२३ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

जोलीन आणि टेस सकाळी आल्या. जोलीनला सगळं सांगितलं होतं, मंगळवारी, फोनवर. ती म्हणाली, "आई, येतो आम्ही." आजोबाने टेसला दोनदा तिचं नाव विचारलं, तिसऱ्यांदा तिने स्वतःच सांगितलं, आणि हा खेळ आहे असं ठरवून टाकलं.

शनिवारचं काय ते ठरलेलं नाही. तीनला लोक येऊन बसतील. रॉयस म्हणतो, येऊ दे, बसू. काय दाखवणार ते त्यालाही माहीत नाही.

टर्की ओव्हनमध्ये होती. जोलीन म्हणाली, आई, राजमाही टाकू का, टेसला आवडतो. आणि फळीवरची बरणी खाली घेतली. हलवली. "आई, यात काय वाजतंय?"

मी कणकेच्या हातांनी तशीच उभी.

रॉयस टेबलाशी टेसला नॅपकिनच्या घड्या शिकवत होता. मान वर न करता म्हणाला, "ती नको घेऊस. ती तुझ्या आईची आहे. खालच्या फळीवर दुसरी आहे."

जोलीनने बरणी परत ठेवली.

पिनांची जागा मी त्याला सांगितली नव्हती. कुणालाच सांगितलं नव्हतं. लिहिलं होतं ते फक्त या वहीत.

दुपारी तो झोपल्यावर बरणी हलवली. कुठे, ते आता इथेही लिहायचं नाही.